मुलांचे अपघात व मालकाची जबाबदारी

आमच्या या मासिकात बियाणे, खते, जनावरांचे रोग, बाजारभाव व सरकारी योजना यांविषयी दरमहा पुष्कळ मजकूर येत असतो, आणि तो यावयासही पाहिजे. परंतु ज्या मुलांकरिता ही सर्व यातायात चालली आहे, ती मुले आपल्याच वस्तीवर, आपल्याच अवजारांनी व आपल्याच पाण्यात दगावतात किंवा जन्माची अधू होतात, या गोष्टीची चर्चा शेतकीच्या मासिकात सहसा होत नाही. हा विषय डॉक्टरांचा किंवा बायकांचा आहे, अशी एक समजूत झालेली दिसते. आमचे मत याच्या उलट आहे. हा विषय शेतकीचाच असून तो जमीनमालक पुरुषाच्या व्यवहाराचा आहे, आणि तेवढे सांगण्याकरिताच आम्ही लेखणी हाती घेतली आहे.

आमचे आयुष्य महसुली कागदांत गेले. खेड्यात एखादे मूल बुडून, भाजून किंवा विष पोटात जाऊन मेले म्हणजे पोलीस पाटील वर्दी देतो, अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि पंच जमवून पंचनामा केला जातो. पूर्वी हे काम १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ प्रमाणे होई. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे होते. कलम बदलले तरी कागदाची भाषा बदललेली नाही. मूल खेळत खेळत पाण्याकडे गेले, पाय घसरून पडले व बुडून मयत झाले, कोणाविषयी संशय नाही, अशा अर्थाचा मजकूर लिहून पंचांच्या सह्या होतात. तळ्याची लांबी, रुंदी व पाण्याची खोली लिहिली जाते. चतुःसीमा लिहिल्या जातात. तळ्यास कुंपण होते काय, विहिरीस कठडा होता काय, बाटलीस कुलूप होते काय, हे मात्र आमच्या नजरेखालून गेलेल्या फारच थोड्या कागदांत लिहिलेले असे. आणि ज्या गोष्टीस कागदात रकाना नाही ती गोष्ट कोणी करीत नाही, हा कचेरीतील जुना अनुभव आहे.

कागदावर कोणाविषयी संशय नसला तरी घरात आणि गावात तो असतोच, आणि तो नेमका मुलाच्या आईवर जातो. "बाईचे लक्ष नव्हते" हे वाक्य सुतक फिटण्याच्या आतच गावभर झालेले असते. आता ती बाई त्या वेळी कोठे होती याची कोणी चौकशी करावी. ती बहुधा खुरपणीस, धार काढण्यास, भाकऱ्या थापण्यास किंवा पाणी आणण्यास गेलेली असते. म्हणजे घरच्याच, मालकाच्याच कामावर असते. उलट ज्या वस्तूने मूल गेले ती विहीर, ते तळे, ते यंत्र, ती फवारणीची बाटली, यांपैकी एकही वस्तू बहुधा तिने विकत आणलेली नसते, ती कोठे ठेवावी हे तिला कोणी विचारलेले नसते, आणि सातबाऱ्यावर तिचे नावही पुष्कळदा नसते. मालमत्ता पुरुषाच्या खाती आणि त्या मालमत्तेने झालेला घात बाईच्या खाती, असा हा जमाखर्च आहे. कोणताही कारकून अशी खतावणी मंजूर करणार नाही.

यावर आमचे काही वृद्ध स्नेही म्हणतात की, विहिरी पूर्वीही होत्या, कठडे पूर्वीही नव्हते, आणि आपण सर्व त्यातूनच वाढलो. जे वाढलो ते हे सांगावयास उरलो आहोत; जे बुडाले ते पारावर बोलावयास येत नाहीत. परंतु हे उत्तर बाजूस ठेवले तरी दुसरी एक गोष्ट आहे. पूर्वीच्या विहिरीवर दिवसभर माणूस असे. मोट हाकणारा धावेवर, पाणी मोडणारा दांडावर, धुणे धुणाऱ्या बाया थारोळ्यापाशी. मूल काठाशी गेले तर ते चार जणांच्या नजरेस पडे. पुढे इंजिने आली, तेव्हाही इंजिनापाशी कोणी तरी बसलेला असे. हल्ली विजेचा पंप आपोआप किंवा मोबाइलवरून सुरू होतो, वीज पुष्कळदा रात्रीची येते, आणि दिवसा विहीर ओस पडलेली असते. विहीर तीच राहिली, पण तिच्यावरील पहारा उठला. पहारा उठला तेव्हाच कठडा बांधावयास पाहिजे होता. तो आपण बांधला नाही, कारण पंपाच्या बिलात कठड्याचे कलम नव्हते.

शेततळ्याची गोष्ट तर याहून गंभीर आहे. महाराष्ट्रात २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना निघाली, आणि तेव्हापासून कोरडवाहू मुलुखात तळ्यांची संख्या फार वाढली. अवर्षणाच्या पट्ट्यात कित्येक डाळिंबाच्या व द्राक्षांच्या बागा या तळ्यांवरच जगल्या, हे आम्ही आनंदाने सांगतो. परंतु प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले तळे विहिरीहूनही घातकी असते, हे थोड्यांच्याच ध्यानात येते. विहिरीत पडलेल्याचा हात एखाद्या कपारीस, पायरीस किंवा पंपाच्या पाइपास अडकण्याचा संभव असतो. ओल्या कागदावर शेवाळ धरले म्हणजे तेथे हातही टिकत नाही व पायही टिकत नाही. पोहणारा तरणाताठा गडीसुद्धा त्या उतारावरून पुन्हा पुन्हा खाली घसरतो आणि शेवटी दमून बुडतो. मुलास काढावयास उतरलेला बाप किंवा चुलता त्याच पाण्यात गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वारंवार वाचावयास मिळतात, त्याचे कारण हेच आहे. तळ्यात उतरण्याची त्यांस घाई झाली यात नवल नाही. पण काठावर एक दोर असता तर एका घरातून दोन तिरड्या निघाल्या नसत्या.

कुंपणाचा खर्च परवडत नाही, असे म्हणणाऱ्यांकरिता थोडा हिशेब मांडतो. ३० मीटर लांब व तितक्याच रुंद अशा तळ्याचा घेर १२० मीटर होतो. भोवतालच्या बांधासकट तो सुमारे १५० मीटर धरावा. दर ३ मीटरांस एक खांब धरला तर ५० खांब, त्यांवर जाळी, आणि कुलूप लावता येईल असे एक फाटक, एवढेच काम आहे. खोदाईचे व कागदाचे बिल देताना आपण हात आखडला नाही. कारण पाणी जिरून गेले असते तर नुकसान आपले होते. जाळीच्या वेळी मात्र आपण "पुढे बघू" म्हणतो. ज्यास एवढे एकदम जमत नसेल त्याने निदान चारही बाजूंस बांधावर पक्के खुंट ठोकून, हात-हात अंतरावर गाठी मारलेला जाड दोर प्रत्येक खुंटास बांधून पाण्यात सोडावा, आणि एखादी जुनी ट्यूब फुगवून तरंगत ठेवावी. दोर हा मूल पडू नये म्हणून नव्हे, तर पडलेल्यास धरावयास काही तरी असावे म्हणून आहे. सबब दोर बांधला, आता कुंपण नको, असे कोणी मानू नये.

खोल पाण्याचीच तेवढी भीती धरावी असेही नाही. दीड-दोन वर्षांच्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. ते बादलीवर किंवा जनावरांच्या हौदावर वाकले आणि तोल जाऊन आत गेले, तर त्यास उलटून बाहेर येता येत नाही. वीतभर पाणीही प्राण घेण्यास पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लक्ष माणसे बुडून मेली, आणि त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. रात्री बादली पालथी घालणे व हौदावर फळी टाकणे यास पैसाही लागत नाही.

आता कोरड्या भोकांविषयी. जुलै २००६ मध्ये हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात हलदाहेडी या गावी सुमारे पाच वर्षांचा एक मुलगा उघड्या कूपनलिकेत ६० फूट खाली पडला. लष्कराने शेजारून वाट काढून त्यास दोन दिवसांनी जिवंत वर आणले, आणि ते सर्व देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. तो वाचला, त्याच्यामागून निरनिराळ्या प्रांतांत पडलेली पुष्कळ मुले वाचली नाहीत. पुढे ११ फेब्रुवारी २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने याविषयी नियम घालून दिले. नळीभोवती अर्धा मीटर लांब व अर्धा मीटर रुंद असा काँक्रीटचा ओटा करावा, तो ३० सेंटिमीटर जमिनीत व ३० सेंटिमीटर जमिनीच्या वर असावा. तोंडावर लोखंडी पत्रा सांधावा किंवा नटबोल्टने पक्के झाकण बसवावे. आणि सोडून दिलेली कूपनलिका तळापासून तोंडापर्यंत माती, वाळू, दगड यांनी भरून टाकावी, असे त्यांत स्पष्ट आहे. नियम होऊन दीड दशक उलटले, परंतु आपल्या शिवारात फिरून पाहावे म्हणजे ते कितपत पाळले जातात हे दिसेल.

यात शेतकऱ्याची मनःस्थिती आम्ही जाणतो. बोअर कोरडे गेले म्हणजे पैसा जमिनीत गाडला गेलेला असतो व जीव कासावीस झालेला असतो. अशा वेळी निदान केसिंगचा पाइप तरी पुढच्या बोअरला उपयोगी पडेल म्हणून मालक तो उपसून काढतो. पाइप निघाला की वरची भुसभुशीत माती ढासळून तोंड रुंदावते. त्यावर एखादे पोते किंवा काट्यांची फांदी टाकली जाते, आणि पुढच्या पावसाळ्यात तेथे गवत माजून भोक दिसेनासे होते. जमिनीचा तो तुकडा आपला आहे हे सिद्ध करण्याकरिता आपण तीन तीन पिढ्या कोर्टात भांडतो. त्याच तुकड्यातील सहा इंचांचे भोक आपले आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

यंत्रांपैकी कडबाकुट्टीचे यंत्र आम्हास सर्वांत वाईट वाटते, कारण ते गोठ्यात म्हणजे घरातच असते. दुभती जनावरे वाढली तशी ही यंत्रे घरोघर झाली. मुलांस फिरणाऱ्या चाकाचा मोह असतो. मोठी माणसे जेवावयास गेली की एक पोर चाक फिरवते आणि दुसरे गाळ्यात पेंढी सरकवते; पेंढीमागून बोटे जातात. दिल्लीच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक दिनेश मोहन व त्यांचे सहकारी राजेश पटेल यांनी उत्तरेकडील खेड्यांत या यंत्राच्या अपघातांचा अभ्यास करून १९९२ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी सुचविलेल्या सुधारणा अगदी साध्या आहेत: हात पात्यापाशी पोहोचण्यापूर्वी त्यास इशारा मिळेल असा एक रूळ, पात्यावर एक झाकण, आणि काम नसताना चाक जागच्या जागी अडकवून ठेवणारी एक खिळी. यांतील खिळी व झाकण गावचा लोहार एका दिवसात करून देईल. विजेवर चालणाऱ्या यंत्राचे बटण मुलाच्या हातास लागणार नाही इतके उंच असावे, हे निराळे सांगावयास नको. ट्रॅक्टरच्या चाकावरील पत्र्यावर पोरास बसवून मिरवण्याची जी हौस आहे तिजविषयी आम्ही एवढेच म्हणतो की, ती जागा बसण्याकरिता केलेली नाही.

विषाची गोष्ट करताना प्रथम भाषेचीच तक्रार करावी लागते. फवारणीच्या विषास आपण "औषध" म्हणतो. "औषध आणले काय," "औषध कोठे ठेवले," असे दिवसभर घरात चालते. ज्या मुलास आजारात "औषध घे, बरे वाटेल" असे शिकविले आहे, त्याने खिडकीतील औषधाची बाटली तोंडास लावली तर त्याचा काय दोष? तशात उरलेला माल सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत काढून ठेवण्याची वहिवाट आहे. मूळ डब्यावर निदान त्रिकोण तरी असतो. तांबडा म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. बाटली बदलली की ती खूणही गेली. १६ जुलै २०१३ रोजी बिहारातील सारण जिल्ह्यात गंडामन येथील शाळेत दुपारच्या जेवणातून विषबाधा होऊन २३ मुले मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघाले. शेतातील विष आणि चुलीजवळचे तेल यांची गाठ पडू देणे किती महाग पडते, याचा याहून दारुण दाखला आम्हास ठाऊक नाही.

धान्यात टाकण्याच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हा दुसरा धोका आहे. या गोळ्या सरकारी यंत्रणा व परवानाधारक कीडनियंत्रक यांच्याच हातून वापरल्या जाव्यात असा नियम आहे, तरी त्या घरोघर दिसतात. हवेतील ओलाव्याने गोळीतून फॉस्फिन नावाचा वायू सुटतो. ज्या खोलीत पोती रचली त्याच खोलीत मुले निजली, तर तो वायू किडा व मूल यांत भेद करीत नाही. आणि या विषास उतारा नाही. म्हणून ज्या खोलीत माणसे निजतात तेथे गोळ्या घातलेले धान्य एक रात्रही ठेवू नये. फवारणीचे विष पोटात गेल्यास मीठपाणी पाजून ओकारी काढण्याच्या नादी न लागता, मुलाचे भिजलेले कपडे काढून अंग धुवावे, आणि मूल व बाटली अशी दोन्ही एकदमच दवाखान्यात न्यावीत. बाटलीवरील नाव वाचल्याने डॉक्टरांचा वेळ वाचतो, आणि त्या वेळी वेळच महत्त्वाची असते.

भाजण्याविषयी लिहावे तितके थोडे. चूल जमिनीसरशी असते, आणि रांगणाऱ्या मुलाचा हातही जमिनीसरसाच असतो. न्हाणीत आधी कढत पाणी ओतून मग विसण आणावयास जाणे ही घरोघरची रीत आहे. तेवढ्या अवधीत पोर बादलीत हात घालते. आधी गार पाणी व मग कढत, एवढा क्रम फिरविला तरी पुष्कळ मुले वाचतील. हुरड्याच्या दिवसांत आगटी वरून राखेने झाकलेली व आतून धगधगती असते. मंडळी उठून गेली म्हणजे तीवर पाणी ओतूनच जावे. परंतु सर्वांत भयंकर जागा गुऱ्हाळाची. चुलवणावरची काहील जमिनीपासून फारशी उंच नसते, गरम गुळाच्या आशेने मुले तिच्याभोवती गोळा होतात, आणि आपणही त्यांस कौतुकाने बोलावतो. गुळावर आलेला पाक पाण्याच्या उकळीहून पुष्कळच अधिक तापलेला असतो, व तो कातडीस चिकटून राहतो. गुळव्याने काहिलीभोवती दोन हात अंतरावर बांबूची आडवी काठी बांधावी आणि मुलांस काकवी द्यावयाची ती काठीच्या बाहेर आणून द्यावी. भाजल्यावर शाई, टूथपेस्ट, तूप, हळद यांपैकी काहीही न लावता भाजलेला भाग ताबडतोब साध्या गार पाण्याच्या धारेखाली २० मिनिटे धरावा, बर्फ लावू नये, स्वच्छ फडके झाकावे व दवाखाना गाठावा. हे २० मिनिटांचे पाणी आमच्या खेड्यांत अजून कोणी मनावर घेत नाही. पाणी घातल्याने फोड येतात ही समजूत खोटी आहे.

इतके सांगून झाल्यावर शेवटी एक उत्तर येतेच: "दैवात होते, झाले." देवावर आमचाही विश्वास आहे. परंतु दैवाच्या सदरात आपण काय काय लोटतो, हे तपासून पाहण्यासारखे आहे. कोकणात तांबड्या विंचवाच्या दंशाने मुले मरत, आणि तेही दैवच समजले जाई. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्या मुलांच्या उशाशी बसून, विष हृदयावर काय करते ते टिपले, आणि प्राझोसिन या रक्तदाबावरील गोळीचा उपयोग १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर विंचवाने मरण्याचे प्रमाण फारच खाली आले. २०२२ साली त्यांस पद्मश्री मिळाली. विंचू तोच आहे. दैवाच्या खात्यातील एक मोठी रक्कम एका डॉक्टराने वळती करून घेतली, असे आम्ही म्हणू. कठड्याला तर वैद्यकीचे शिक्षणही लागत नाही.

आता राहिला लक्ष ठेवण्याचा प्रश्न. बांगलादेशात पाण्याने वेढलेली खेडी पुष्कळ. तेथे पाहणी करता असे दिसले की, लहान मुले बुडतात ती बहुतेक सकाळी ९ ते दुपारी १ च्या दरम्यान, म्हणजे आई कामात असते त्या वेळी. म्हणून तेथे 'आंचल' नावाची केंद्रे काढली; गावातीलच एक बाई तेवढे चार तास वीस-पंचवीस मुले सांभाळते. केंद्रात येणाऱ्या मुलांत बुडण्याचे प्रमाण चार पंचमांशांहूनही अधिक घटल्याचे आढळले. यात यंत्र नाही, इमारत नाही. एक जबाबदार बाई व एक पडवी आहे. आपल्याकडे अंगणवाडी आहे, परंतु सुगीचा दिवस उजाडण्याच्या आत सुरू होतो, आणि वस्तीपासून अंगणवाडी कोसभर दूर असते. मग दोन वर्षांच्या मुलावर आठ वर्षांची बहीण पहारेकरी नेमली जाते. ती स्वतःच एक मूल आहे.

आणि येथे आपल्या मुलांबरोबर दुसऱ्यांच्या मुलांचाही विचार केला पाहिजे. आपल्या उसावर बीडकडून तोडणीच्या टोळ्या येतात, कांद्याच्या लागवडीस व द्राक्षांच्या छाटणीस मजूर येतात. त्यांची पोरे आपल्या बांधावर, आपल्या विहिरीपाशी व आपल्या तळ्यापाशी दिवसभर असतात. झाडास झोळी बांधली म्हणजे तान्ह्याची सोय झाली, पण चालते मूल झोळीत राहत नाही. या मुलांस आपल्या शिवाराची माहिती नसते. कोठे भोक आहे, कोठे कागद निसरडा आहे, हे त्यांस कोण सांगणार? मजूर आपल्या कामावर आहे तोवर त्याच्या मुलाचा जीव आपल्या हद्दीत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत काही सभासदांस रुचणार नाही, हेही आम्ही जाणतो.

सरकारी मदतीविषयी लोकांच्या मनात घोटाळा असतो, म्हणून दोन शब्द. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून चालू आहे. तीत १० ते ७५ वर्षे वयाच्या व्यक्तीस अपघाती मृत्यू आल्यास कुटुंबास २ लक्ष रुपये मिळतात. शाळेत जाणाऱ्या मुलांकरिता निराळी योजना आहे. जे मूल अद्याप शाळेतही गेले नाही ते या दोहोंत बसत नाही, आणि पाण्यात पडणारे बहुधा तेच असते. तथापि त्याच्या नावेही रक्कम द्या, अशी मागणी करावी असे आम्हास वाटत नाही. शेततळ्याच्या अंदाजपत्रकात कुंपण हे सक्तीचे कलम घालावे, आणि अनुदानाचा शेवटचा हप्ता कुंपण पाहिल्यावाचून सुटू नये, अशी मागणी करावी. सरकार हे करील तेव्हा करील. आमच्या संस्थेस मात्र आजच करता येईल असे पुष्कळ आहे. तळे, विहीर व बोअर यांकरिता जे कर्ज संस्था देते त्याचा अखेरचा हप्ता तिनेही असाच रोखून धरावा. संस्थेच्या दुकानात कीटकनाशकाबरोबर कुलपाची पत्र्याची पेटी मूळ किमतीस ठेवावी, आणि सुटे विष कोणाच्याही बाटलीत ओतून देऊ नये. सुगीच्या दोन महिन्यांत संस्थेची गोदामापुढील पडवी मोकळी करून तेथे एक बाई पगारावर नेमावी. एकरामागे किती वर्गणी बसवावी हे सभेने ठरवावे. आमच्या अंदाजे ती एका फवारणीच्या खर्चाहून कमीच येईल.

बोअरच्या झाकणांचे काम तर सभेपर्यंतही थांबवू नये. प्रत्येक सभासदाने आपला गट नंबर, त्यातील चालू बोअर किती, बंद किती व उघडी किती, एवढे चार रकाने एका कागदावर लिहून संस्थेच्या चिटणिसाकडे द्यावेत. आम्ही असल्या कागदांचे तक्ते जन्मभर केले आहेत. हाही करून देऊ. तक्ता झाला की वेल्डिंगवाल्यास सर्व झाकणे एकदम सांगता येतील व दरही कमी पडेल. माप देताना पाइपाच्या आतल्या तोंडाचे न देता बाहेरील घेराचे द्यावे, म्हणजे झाकण वरून टोपीसारखे बसेल. ज्यांनी केसिंग उपसून काढले आहे त्यांनी झाकण सांगू नये; त्यांनी मुरूम व दगड भरून भोक जमिनीपर्यंत बुजवावे, आणि पहिल्या पावसानंतर भर खचते, तेव्हा पुन्हा एक पाटीभर माती टाकावी.